सासूबाई नांगरावर

शिडाच्या बोटीवर राहतो असं सांगितलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मावळता सूर्य आणि हातात सरबताचा ग्लास घेऊन लोळत पडलेली मी, असं चित्र उभं राहतं. त्या चित्रातली बाई कोण, मला माहीत नाही. मी असते ती केबिनची फळी उचलून, खाली डोकं घालून, दातात टॉर्च धरून. आणि मागून आमचे हे विचारत असतात, "दिसलं का, पाणी कुठून येतंय ते?" बोटीत पाणी कुठून येतंय, हा आमच्या संसारातला कायमचा प्रश्न आहे. उत्तर दर आठवड्याला बदलतं.

आमचे हे म्हणजे दातांचे डॉक्टर. उभा जन्म लोकांच्या तोंडात डोकावण्यात गेला. दवाखाना बंद केला आणि "आता मोकळं आकाश बघायचंय" म्हणून ही बोट घेतली. आकाश राहिलं बाजूला, आता इंजिनाच्या तोंडात डोकावतात. तोच छोटा आरसा, तीच लांब चिमटी. पूर्वी पेशंट सांगितल्यावर निदान आ तरी करायचा, इंजिन तेवढंही करत नाही. माझं शिवणकामाचं दुकान होतं. ते भाचीच्या हवाली केलं आणि एक मशीन तेवढं बोटीवर घेऊन आले. फाटकी शिडं शिवते, आमची आणि शेजारच्या बोटींचीही. तुम्ही कशाला गेलात असं सगळे विचारतात. हा माणूस एकटा सोडला असता तर पहिल्याच महिन्यात बुडाला असता, म्हणून गेले. दुसरं काही नाही.

आमच्या जुन्या घराच्या हॉलमध्ये ही अख्खी बोट मावली असती, डोलकाठी तेवढी छतातून बाहेर आली असती. एवढ्याशा जागेत भांडण झालं तर रुसून जायलाही दुसरी खोली नाही. मग आम्ही एकमेकांकडे पाठ करून बसतो, आणि पाठी एकमेकींना टेकतात. असं सगळं बरं चाललं होतं, तेवढ्यात आमचा नंबर लागला.

नंबर म्हणजे आईंचा, माझ्या सासूबाईंचा. सासरे गेल्यापासून आई आळीपाळीने राहतात. चार महिने मोठ्या दिरांकडे, चार आमच्याकडे, चार नणंदेकडे. आम्ही बोट घेतली आणि मधल्या मध्ये आमचे चार महिने गळाले. दीर आणि नणंद काही वर्षं त्याबद्दल बोलले नाहीत. या वेळी मात्र दादांनी, म्हणजे मोठ्या दिरांनी, यांना फोन करून सुनावलं. "आईला बोटीवर झेपत असेल तर ठेवा. एक आठवडा बघू, मग मी स्वतः येऊन पाहीन. नाही झेपलं तर मी एका वृद्धाश्रमात खोली बघून ठेवलीय. आता आमच्यानेही होत नाही. जागा फार छान आहे, समोर बाग आहे." त्या बागेचं कौतुक नणंदेनेही केलं, मोठ्या जाऊबाईंनीही केलं. त्यातल्या कोणालाही स्वतः तिथे राहायचं नव्हतं, एवढंच.

मी म्हटलं, आणा. फार प्रेमाने म्हटलं असं नाही. पण माझ्या सासूला बाग दाखवायला दुसऱ्याने नेलेलं मला बघवलं नसतं. भांडायचं तर आमचं आम्ही भांडू, त्याला तीस वर्षांची परंपरा आहे.

आई आल्या त्या कडक, चाकांच्या सुटकेससकट. बोटीवर कडक सुटकेस आणायची नाही, कारण रिकामी झाली तरी तिची घडी होत नाही, हे आम्ही तीनदा कळवलं होतं. धक्क्यावरून रबरी होडीत आणि होडीतून बोटीवर त्यांना चढवताना हे वरून ओढत होते, मी खालून ढकलत होते आणि मधून आई दोघांना सूचना देत होत्या. सुटकेस ठेवायला जागाच नव्हती, म्हणून ती यांच्या अंथरुणावर ठेवली आणि हे तिच्याभोवती वळसा घालून झोपायला लागले.

पहिल्याच सकाळी आईंनी नळ सोडला आणि निवांत दात घासत उभ्या राहिल्या. पाण्याचा पंप घरघरतोय म्हटल्यावर हे शिडीवरून धडपडत खाली आले. "आई, नळ बंद! नळ बंद!"

"दात घासतेय मी," आई म्हणाल्या.

"नको घासूस!"

आईंनी ब्रश तोंडातून काढला आणि माझ्याकडे बघितलं. "डॉक्टर झाल्यापासून हा माझ्या मागे लागलाय, आई दात घास, आई दात घास. ऐक आता काय म्हणतोय."

मग मी त्यांना सगळं शिकवलं. भांडी समुद्राच्या पाण्यात घासायची, शेवटी गोड्या पाण्याचा एकच पेला फिरवायचा. मोबाइल दुपारी चार्ज करायचा, सूर्य डोक्यावर असताना, एरवी बंद ठेवायचा. संडासाला साखळी नसते, बाजूचा दांडा खाली-वर करून सगळं पंपाने बाहेर घालवावं लागतं. ते त्यांनी मनापासून केलं, पण आकडे मोठ्याने मोजत. पलीकडच्या बोटीवरचे निवृत्त पोस्टमास्तर रोज सकाळी त्या वेळेला गंभीर चेहरा करून दुसरीकडे बघायला लागले.

आवडतंय की नाही, हे मात्र आईंनी एका शब्दाने सांगितलं नाही. रोज संध्याकाळी एवढंच विचारायच्या, "दादा कधी येणारेय?" आम्ही समजलो, कंटाळल्या. हे तर हिरमुसलेच. वारा फिरला म्हणून मधे एकदा नांगर उचलून आम्ही बोट थोडी आत नेली, तेव्हा आई पुढच्या टोकाला कठड्याला धरून सगळं बघत होत्या. हे मला हळूच म्हणाले, "बघ, घाबरलीय." मला तसं वाटलं नाही, पण मी गप्प बसले. उगाच कशाला आशा लावा.

नांगराचं थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यापायी झालं. बोटीच्या पुढच्या टोकाला नांगराची साखळी ओढायचं विजेचं यंत्र आहे. डेकवर त्याची दोन बटणं आहेत, पायाने दाबायची. एक दाबलं की साखळी वर येते, दुसरं दाबलं की खाली जाते. चुकून पाय पडू नये म्हणून त्यांच्यावर जाड टोप्या असतात. आमच्या टोप्या निखळल्या होत्या. हे त्या चिकटवणार होते. चिकटवायच्या वस्तूंचा एक डबा आमच्याकडे आहे, त्यात त्या गेल्या, म्हणजे गेल्याच.

दुसरी गोष्ट, यांच्या मोबाइलमधला राखणदार. नांगर जिथे टाकला ती जागा मोबाइलला सांगून ठेवायची. बोट त्या जागेभोवतीच्या ठरलेल्या वर्तुळाबाहेर गेली की मोबाइल भोंग्यासारखा केकाटतो. यांचा त्याच्यावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास.

दादा येणार होते त्या दिवशी सकाळपासून आमची परीक्षेची तयारी. हे आईंना पढवत होते, "दादासमोर पाण्याचं बोलू नकोस. दांड्याचं तर मुळीच बोलू नकोस." दादा संध्याकाळी येणार म्हणाले होते. टाकीतलं पाणी तळाला गेलं होतं, चादरी मळल्या होत्या. म्हटलं, तासाभरात उरकून येऊ. आईंना पुढच्या डेकवर उन्हात बसायला छोटं स्टूल दिलं, मांडीवर मटारच्या शेंगांचं टोपलं दिलं आणि आम्ही दोघं पाण्याचे कॅन आणि कपड्यांचं गाठोडं घेऊन होडीतून धक्क्यावर गेलो.

लॉन्ड्रीत यांच्या खिशातून असा काही भोंगा वाजला की लॉन्ड्रीवाल्या बाईंच्या हातातली इस्त्री पडता पडता राहिली. यांनी शांतपणे मोबाइल काढला. "घाबरू नका हं," त्या बाईंना म्हणाले, "बोट वर्तुळाबाहेर गेली की हा वाजतो. पण मोबाइल माझ्या खिशात आहे. म्हणजे बोट नाही, मीच वर्तुळाबाहेर आलोय." असं म्हणून हसले आणि भोंगा बंद करून टाकला. बाईंना यातलं काही कळलं नाही, पण डॉक्टर माणूस म्हणतोय म्हणून त्यांनी मान हलवली. मीही हसले. राखणदार आपल्या खिशात आहे तर बोटीवर राखण कोण करतंय, एवढा साधा विचार दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही.

भरलेले कॅन ओढत आम्ही धक्क्यावर आलो तर समोर दादा उभे. संध्याकाळऐवजी दुपारीच. "सकाळपासून आईचा फोन बंद येतोय," ते म्हणाले. "म्हटलं, बघावं तरी." दादा बांधकाम खात्यातून निवृत्त झालेत. जी वस्तू हलते ती त्यांना मुळातच पसंत नाही. त्यांनी पाण्यावर नजर फिरवली. "कुठली तुमची?"

"ती काय," म्हणत यांनी सवयीने बोट दाखवलं.

तिथे पाणी होतं. नुसतं पाणी. बाजूला पोस्टमास्तरांची बोट रिकामी डुलत होती, तेही गावात आलेले. यांचा हात तसाच हवेत राहिला. आईंबद्दल गेल्या आठवड्यात मी मनात जे जे म्हटलं होतं, ते सगळं एकदम आठवलं. फार फार भीती वाटली मला.

"ती बघा," दादाच म्हणाले. पार पलीकडे, खाडीच्या दुसऱ्या काठच्या खडकांपासून थोडं अलीकडे, आमची बोट उभी होती. पुढच्या टोकाला एक ठिपका होता. ठिपका बसलेला होता.

होडीत आम्ही तिघं, पाण्याचे कॅन आणि दादांच्या मांडीवर धुतलेल्या चादरींचं गाठोडं. इंजिनाची दोरी यांनी किती वेळा ओढली कोण जाणे. सुरू झालं एकदाचं. दादांच्या कातडी बुटांत पाणी शिरलं, त्यांनी गाठोडं तेवढं उंच धरलं. यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी ठिपक्यावरची नजर काढत नव्हते. ठिपक्याची हळूहळू आई झाली. त्या शेंगा सोलत होत्या.

"आलात?" आम्ही बोटीला होडी लावल्यावर आई वरून म्हणाल्या. "दादा, बूट काढ आधी. बोटीवर बूट चालत नाहीत."

दादांनी मुकाट्याने बूट काढले. ओल्या मोज्यांनी वर चढले आणि थेट आईंसमोर जाऊन उभे राहिले. "आई, ही बोट इथे कशी आली?"

"मी आणली," आई म्हणाल्या.

"तू?"

"मीच हलवली. तिकडे धक्क्याजवळ मासळीचा वास येत होता. इकडे कशी छान हवा आहे बघ."

तोवर हे स्टुलापाशी पोचले होते. स्टुलाचा एक पाय साखळी वर ओढायच्या उघड्या बटणाला अगदी खेटून होता. यंत्राभोवती डेकभर ताजा चिखल सांडला होता, साखळी तळातून वर येते तेव्हा सांडतो तसा. यांना सगळं समजलं आणि समजलं की सांगून टाकायचं, ही यांची जुनी खोड. "अगं, म्हणजे स्टुलाचा पा..." इथवर आले तेवढ्यात मी त्यांच्या अनवाणी पायावर माझा पाय दिला. चांगला भार टाकून दिला.

"बोट अशी हलवता येते?" दादा म्हणाले. "तुला?"

"न यायला काय झालं? दोन बटणं आहेत. एकाने नांगर वर येतो, एकाने खाली जातो. परवाच बघितलं मी. तुझ्याकडच्या टीव्हीच्या रिमोटला यापेक्षा जास्त बटणं आहेत, आणि तो मला हातात मिळत नाही."

दादांनी रुमालाने कपाळ पुसलं. मग खाली, आईंच्या पायाशी डेकवर बसले. माणूस वाईट नाही, थकलेला आहे. "आई, खरं सांग. तुला इथे राहवतं? मी ती खोली अजून सोडलेली नाही. एक फोन केला की झालं. बाग आहे, डॉक्टर आहे..."

"डॉक्टर इथेही आहे," आई म्हणाल्या, "दात घासू देत नाही, तेवढं सोडलं तर बरा आहे." मग शेंगा सोलायच्या थांबल्या. "दादा, दर चार महिन्यांनी मी बॅग भरते. तुझ्या घरी आले की तुझ्या बायकोच्या कपाटात एक कप्पा रिकामा करायचा, मग पोरीच्या घरी तिची मुलं खोलीतून बाहेर काढायची. सगळ्यांनी सरकून घ्यायचं आणि मी मधे बसायचं. इथे घरच उठून दुसरीकडे जातं. मी आहे तिथे बसलेली असते. मला इथे बरं वाटतं."

दादांनी टोपल्यातली एक शेंग उचलून सोलली. मग माझ्याकडे वळले. "तुमचं काय म्हणणं आहे? आईबरोबर दिवसभर तुम्हालाच राहायचंय."

आठ दिवसांपूर्वी हा प्रश्न विचारला असता तर मी उत्तर तयार ठेवलं होतं, चांगलं लांबलचक. ते आठवेना. "दादा," मी म्हटलं, "मला आईंची अजून सवय झालेली नाही. ती व्हायला चार महिने तरी लागतील. अर्धवट सोडून कसं चालेल?"

दादा हसले. मोठ्या दिरांना मी हसताना फार कमी वेळा पाहिलंय. त्यांनी चहा घेतला, केबिनच्या छताला दोनदा डोकं आपटून घेतलं, कुठून पाणी येतंय ते यांना समजावून सांगितलं, आणि उन्हं उतरायच्या आत निघाले. हे त्यांना सोडायला होडी घेऊन गेले.

होडीचा आवाज लांब गेला तशी मी मटारचं टोपलं उचलायला वाकले. आईंनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात थंडगार होता.

"गेला?" त्यांनी विचारलं.

"गेले."

"खूप लांब गेला ना?"

"हो. आई, काय होतंय? आत चला, पडा जरा."

"धक्का चालायला लागला गं," त्या म्हणाल्या. "मी शेंगा सोलत होते. कसली तरी घरघर चालली होती, म्हटलं असेल याचं काहीतरी यंत्र. मान वर केली तर धक्का चाललेला. माणसं, दुकानं, सगळं चाललेलं. मला वाटलं, तुम्ही सोडून दिलंत मला."

मी मोकळ्या हाताने टोपलं उचलून पोटाशी धरलं.

"मी हाका मारल्या. दोन-तीन मारल्या. मग थांबले. म्हटलं, ज्यांनी मुद्दाम सोडलंय त्यांना हाका कशाला मारायच्या? उठले, नांगर खाली सोडायचं बटण शोधलं, पायाने दाबून धरलं. बोट थांबली. मग काय करणार, सोलत बसले."

आणि तरी दादांसमोर ही बाई म्हणाली होती, मीच हलवली. ज्यांनी आपल्याला सोडून दिलं असं वाटत होतं, त्यांना तिने पाठीशी घातलं होतं. माझे डोळे भरून आले. मी ते पुसले नाहीत, पुसायला हात मोकळा नव्हता.

मी टोपलं खाली ठेवून त्यांच्याशेजारी डेकवर बसले. स्टुलाचा पाय दाखवला, त्याच्या बाजूचं उघडं बटण दाखवलं, चिखल दाखवला. त्यांनी ते सगळं नीट वाकून बघितलं.

"म्हणजे खरंच मीच हलवली?"

"तुम्हीच."

"म्हणजे दादाशी मी खोटं नाही बोलले."

"अजिबात नाही. आणि अहो आई, तुम्हाला सोडायचंच असतं तर धक्क्यावर सोडलं असतं ना? तुमच्याबरोबर बोट कशाला दिली असती?"

हे त्यांना पटलं. "खरंय," त्या म्हणाल्या. "बोट नसती दिली त्याने." मनगटावरची पकड थोडी सैल झाली. पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, धक्क्याकडे बघत होत्या. तिथे यांची होडी परत फिरत होती. मग अगदी हळू, मला नव्हे तर त्या होडीला विचारावं तसं, त्यांनी विचारलं, "आणि चार महिने झाल्यावर?"

"चार महिने झाल्यावर आपण कुठे असू, मला काय माहीत?" मी म्हटलं. "यांना तरी कुठे माहीत असतं? असू कुठेतरी लांब. तुम्हाला उतरवायला एवढ्या लांबून बोट परत कोण आणणार? माझ्याकडून तर व्हायचं नाही."

हे होडी घेऊन परत आले, "दोरी धरा, दोरी धरा" म्हणून खालून ओरडत राहिले, तरी आईंनी माझं मनगट सोडलं नाही. मग मी एकाच हाताने दोरी धरली.